लावलं की चालू

ज्योत्स्नाच्या लॅपटॉपचं कोणाशीच पटत नाही, असं वलगावच्या मेहऱ्यांच्या घरात सगळेच म्हणायचे, आणि त्यात तिची सासू माणिकबाई सगळ्यांत पुढं. "दिसाले गरीब, पण एकही पाव्हणा घरात घेत नाई," असं ती म्हणायची, आणि ते बोलणं खरंच होतं.

हा लॅपटॉप तिला अमरावतीच्या एका कोचिंग क्लासकडून मिळालेला. बी.एस्सी. झाल्यावर चार वर्षं ती तिथं प्रश्नपत्रिका टाइप करायची. क्लासनं नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा जुने तिथं काम करणाऱ्यांना वाटून टाकले. तिच्या वाट्याला आलेला इतका जुना होता की नवी विंडोज त्याच्यावर चढेना. मग तिनं स्वतःच त्यात लिनक्स टाकलं. फुकट मिळतं, हलकं असतं आणि जुन्या यंत्रालाही पळवतं. महिनाभरात तिचा त्यावर हात बसला. रोपं कधी टाकली, लागवड कधी केली, कोणत्या वाफ्यावर काय पडलं, सगळ्याचे फोटो आणि तारखा ती त्यात ठेवायची.

घोडं अडायचं ते बाहेरची वस्तू जोडताना. एका दिवाळीला मोठ्या हौसेनं घेतलेल्या प्रिंटरपुढं ती तीन दिवस बसली. इंटरनेटवर लोकांनी लिहिलेले उपाय एकेक करून पाहिले, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करकरून बोटं दुखली, आणि शेवटी प्रिंटरनं अर्धं पान छापून जे तोंड मिटलं ते मिटलंच. वायफायच्या चिमटीएवढ्या डोंगलचंही तसंच झालं. उलट जत्रेत घेतलेला माउस लावल्याक्षणी चालला. यामागं नियम काय, हे काही तिच्या ध्यानात येईना. त्यानंतर तिनं स्वतःपुरता एक कायदा केला. वस्तू लावली की चालू झाली पाहिजे. जिला मनधरणी लागते ती घरात आणायची नाही.

मेहऱ्यांचं वावर म्हणजे पावणेदोन एकर काळी जमीन. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगे आणि अर्धा एकर मिरची. तिचा नवरा देवानंद रोज पहाटे टेम्पोत माल भरून अमरावतीच्या बाजारात न्यायचा. वावराचं सगळं पाहायचे ते सासरे, सूर्यभान. सहासष्ट वर्षांचा माणूस, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदू काढलेलं, पण वाफ्यातलं एक रोप मान टाकून उभं असलं तरी धुऱ्यावरून म्हणजे शेताच्या बांधावरून ओळखायचे.

दसरा झाला आणि दोनच दिवसांनी सकाळी ते मिरचीची एक फांदी घेऊन ओसरीवर आले. ज्योत्स्ना मेथीच्या जुड्या बांधत होती.

"ज्योत्स्ना, हे पाय बरं. दरसाली बोकड्या रोग येते तं पान वरतं वळते, द्रोणावानी. आवंदा खालतं वळून राहिलं."

तिनं फांदी हातात घेतली. शेंड्याची पानं लहान, जाड, कडा खाली मुडपलेल्या, उपड्या नावेसारख्या. देठ मात्र नको तितके लांब.

"दवाईच्या दुकानवाल्याले दाखवलं का मामाजी?"

"दाखवलं ना. तो म्हणते थ्रीपच हाय. तीन डाव फवारलं. हरेक डावाले दवाई बदलून देली त्यानं. अन् हरेक डावाले बोकड्या वाढूनच राहिला." ते खाली बसले आणि फांदीकडं पाहतच राहिले. "मले एक सांग, ह्या पानावर जो कोणी बसला हाय त्याले मी एक डाव तरी पायलं पायजे का नाई? कोणाशी लढून राहिलो हेच मालूम नाई."

हे वाक्य ज्योत्स्नाच्या मनात रुतून बसलं.

तिची कॉलेजातली मैत्रीण रागिणी अकोटची. पुढं ती कीटकशास्त्र शिकली आणि आता अकोल्याला शिकवायची. ज्योत्स्नानं तिला फोन लावला.

"पान खाली वळतंय म्हणतेस तर मला थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, वाटत नाहीत गं," रागिणी म्हणाली. "कोळी असू शकतो. पण नुसतं ऐकून मी औषध नाही सांगणार. पानाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव ना."

ज्योत्स्नानं मोबाइलनं फोटो काढले. भिंग धरून काढले, मोबाइलच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवूनही काढले. सगळ्यांत हिरवं धुकं तेवढं आलं. रागिणीनं उलट कळवलं की हा किडा मोहरीच्या दाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नसतो, तो असा दिसायचा नाही. पानं अकोल्याला आणायची तर वाटेत सुकतील आणि किडे उतरून जातील. "त्यापेक्षा असं कर," ती म्हणाली, "कॉम्प्युटरला जोडायचा छोटा मायक्रोस्कोप मिळतो. मोबाइल दुरुस्त करणारे वापरतात बघ. तो घे."

"माझ्या लॅपटॉपमध्ये लिनक्स आहे."

"मग मला नाही सांगता येणार बाई. आमच्या इथं त्याच्यासाठी सीडी टाकावी लागली होती."

सीडी म्हटल्यावर ज्योत्स्नाला तो प्रिंटर आठवला आणि तिचं अर्धं अवसान गेलं. पण दुपारी सगळी कामं आटोपल्यावर ती लॅपटॉप घेऊन बसलीच. कोण कुठल्या देशातल्या माणसांनी लिहून ठेवलेलं वाचत गेली. कोणाचा चालला होता, कोणाचा नव्हता. शेवटी एकानं लिहिलेल्या चार ओळींनी तिला जागीच सरळ बसवलं. तिनं त्या पुन्हा वाचल्या आणि सासऱ्यांना हाक मारली.

"मामाजी, ऐका. हे मायक्रोस्कोप म्हणजे कॅमेरेच असतात. आणि कॅमेऱ्यांची एक ठरलेली बोली असते. ज्या कॅमेऱ्याले ती बोली येते तो कोणत्याही कॉम्प्युटरशी बोलते. त्याले सीडी-बिडी लागत नाही. काही कंपन्या आपलीच वेगळी बोली ठेवतात, त्याहीले दुभाष्या लागते. तो दुभाष्या म्हणजे ती सीडी."

सूर्यभानांनी मान डोलावली. "म्हंजे इतवाऱ्याच्या बजारात हिंदी बोललं का कोणाशीबी सौदा होते, तसं."

"अगदी तसं."

"मंग ती बोली येते का नाई, हे डब्यावर लिवलं असते का?"

"तिथंच तर घोळ आहे. हा माणूस म्हणतो, डब्यावरच्या लिखाणावर विश्वास ठेवू नका. लॅपटॉप घेऊन दुकानात जा आणि लावून पाहा."

"मंग चाल ना," सूर्यभान उठलेच. "गाय घेतो तं दूध काढून पायल्याशिवाय घेतो का आपण? मी पानं तोडून आणतो. ताजे."

अर्ध्या तासात दोघं स्कूटीवर होती. ज्योत्स्ना चालवत होती. मागं सूर्यभान मांडीवर लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून आणि खांद्यावर दुपट्टा टाकून ताठ बसले होते. बॅगेत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मिरचीच्या शेंड्यांचा डबा होता. माणिकबाईनं दारातून विचारलं, "दोघं कोठी चालले?" तर सासऱ्यांनी सांगितलं, "दुश्मन पायाले."

अमरावतीत जयस्तंभ चौकाच्या मागच्या एका गल्लीत मोबाइल दुरुस्तीच्या आणि कॉम्प्युटरच्या सामानाची दुकानं होती. तिसऱ्या दुकानात कुलदीप नावाचा चाळिशीतला माणूस बसायचा. पुढं काउंटर, मागं त्याचं स्वतःचं दुरुस्तीचं टेबल, आणि वर छतापर्यंत खोकीच खोकी. पहिल्या दोन दुकानांत लावून पाहू द्यायला नकार मिळाला होता. कुलदीपनं नकार दिला नाही, पण लिनक्स म्हटल्यावर तो थबकला.

"ताई, मी तुमाले विंडोज टाकून देऊ का? अर्ध्या घंट्याचं काम हाय."

"नको. मले यावरच चालणारा पाहिजे. लावला की चालू होणारा."

"तसा एक हाय," म्हणत त्यानं एक चकचकीत खोकं काढलं. मोठा, जड, स्टँडवाला मायक्रोस्कोप. डब्यावर बारीक अक्षरांत कॉम्प्युटरांची नावं होती आणि त्यांत लिनक्सही होतं. ज्योत्स्नाला वाटलं, झालं काम. तिनं वायर लावली. मायक्रोस्कोपच्या तोंडाशी पांढरे दिवे लागले. तिनं कॅमेऱ्याचं ॲप उघडलं, आणि पडद्यावर दिसला तो तिचाच घामेजलेला चेहरा, लॅपटॉपच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातून. दुसरा कॅमेरा यादीत नव्हताच. तिनं दुसऱ्या खाचेत लावून पाहिलं. काढून पुन्हा लावलं. काळी खिडकी उघडून विचारलं, तर लॅपटॉपनं सांगितलं की कोणीतरी आलंय खरं, पण त्याचं बोलणं मला कळत नाही.

"सीडी हाय ना आतमधी," कुलदीप म्हणाला.

सीडीवर फक्त विंडोजचं नाव होतं. आणि तिच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नव्हती.

"याले बोली येत नाई," सूर्यभानांनी निकाल दिला. "दुसरा दाखवा भाऊ."

दुसरा वायरीशिवायचा निघाला. तो स्वतःचं वायफाय काढायचा आणि फक्त फोनवरच्या त्याच्याच ॲपशी बोलायचा. लॅपटॉपला तो ओळखतच नव्हता. तिसऱ्याला स्वतःचाच छोटा पडदा होता, त्यातून चित्र बाहेर काढायची सोय नव्हती. कुलदीप खोकी पुन्हा भरू लागला. ज्योत्स्नानं वायर गुंडाळायला घेतली. एवढ्या लांबून सासऱ्यांना स्कूटीवर बसवून आणलं, आणि डब्यातली पानं आता मलूल व्हायला लागली असतील.

सूर्यभान मात्र काउंटरवर कोपरं टेकून आतल्या टेबलाकडं पाहत होते.

"भाऊ, तो कोणता हाय? तुमचावाला."

कुलदीपच्या टेबलावर एक काळपट, चिकटपट्टी गुंडाळलेला मायक्रोस्कोप वाकून उभा होता. त्याच्याखाली कोणाचा तरी उघडा मोबाइल होता.

"तो तं माह्या रोजच्या कामाचा. सात वर्षं झाले असतील. पण तोबी विंडोजवालाच होय, डब्यावर तसंच लिवलं होतं."

"डब्यावर विश्वास नाई ठेवाचा," सूर्यभान म्हणाले. "एक डाव लावून पाऊ द्या ना."

कुलदीप घुटमळला. मोबाइलचे सगळे स्क्रू त्यानं ओळीनं मांडून ठेवले होते. पण सासऱ्यांचा चेहरा पाहून की काय, त्यानं एका कागदावर स्क्रू अलगद सरकवले, मायक्रोस्कोपची वायर आपल्या मशीनमधून उपसली आणि काउंटरवरून पुढं केली.

ज्योत्स्नानं ती लावली.

दिवे लागले. तिनं ॲप उघडलं. यादीत दोन नावं होती. तिनं खात्री करायला पुन्हा वाचलं. दोनच, एक आपलं आणि एक नवं. तिनं नव्यावर क्लिक केलं आणि पडदा भरून काहीतरी तपकिरी, रेघारेघांचं उमटलं.

"हे काय होय?" सूर्यभानांनी विचारलं.

"तुमचा अंगठा मामाजी. तुम्ही त्याच्याखाली हात ठेवलाय."

ते खाली वाकले. अंगठा हलवला की पडद्यावरच्या रेघा हलत होत्या. प्रत्येक रेघेत काळ्या मातीची एक बारीक ओळ बसलेली होती. "पेरलेलं वावर दिसते बाप्पा," ते हळूच म्हणाले. ज्योत्स्नाला हसू फुटलं. कुठली आज्ञा नाही, सीडी नाही, तीन दिवस नाहीत. लावला आणि चालू.

"असाच अजून एक आहे का तुमच्याकडं?"

कुलदीप आता स्टुलावर चढला. वरून धुळीनं माखलेलं एक खोकं निघालं. डब्यावर मोठ्या अक्षरांत फक्त विंडोज लिहिलेलं. "पण ताई, एकाच डब्यात कंपनी कधी कधी आतला माल बदलते. मी गॅरंटी नाई देत."

"गॅरंटी हा देईल," तिनं लॅपटॉपवर हात ठेवला.

नवा लावला. दोन नावं. क्लिक. पडद्यावर काउंटरच्या सनमायकाचे ओरखडे नदीनाल्यांसारखे पसरले. कुलदीप स्वतःच म्हणाला, "चाललं की."

"आता पानं काढा मामाजी."

सूर्यभानांनी डबा उघडला, फडकं उलगडलं, त्यातल्या त्यात टवटवीत शेंडा निवडला. पान उलटं करून धरलं, पण हात हलत होता आणि पडदा लाटेवर बसल्यासारखा डोलत होता. मग कुलदीपनं आपल्या मोबाइल दुरुस्तीच्या रबरी चटईवर पान ठेवलं, दोन्ही कडांना चिकटपट्टीच्या बारीक पट्ट्या मारल्या आणि चिमट्यानं कड उलगडली. ज्योत्स्नानं मायक्रोस्कोपचं चाक फिरवलं. हिरवं धुकं घट्ट झालं, त्यातून शिरा वर आल्या, शिरांच्या मध्ये पेशींचे उंचवटे आले. आणि एका शिरेला लागून पिवळसर, पारदर्शक, मधाच्या थेंबासारखं काहीतरी दिसलं.

तो थेंब चालू लागला.

"हलून राहिला," सूर्यभान म्हणाले. मग त्यांना एकाच्या जागी चार दिसले. मग त्यांनी मोजणं सोडून दिलं. "हे तं अख्खी वस्ती हाय वं माय."

"पाय मोजायचे," ज्योत्स्ना म्हणाली. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला बाईंनी घोकून घेतलेलं तिला लख्ख आठवत होतं. "सहा असले तर किडा. आठ असले तर कोळी."

तिनं एकावर चित्र आणखी स्पष्ट केलं. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. सहा. तिचा हिरमोड झाला. म्हणजे औषधांचा दुकानवाला बरोबर होता आणि आपण उगाच एवढा खटाटोप केला. तेवढ्यात कुलदीपनं पडद्यावर बोट ठेवलं. दिवसभर केसाएवढ्या तारा जोडणारा माणूस तो.

"हे मागं काय हाय ताई? दोरे."

खरंच होतं. मागच्या बाजूला दोन अगदी बारीक, दोऱ्यासारखे पाय तो प्राणी आपल्या मागून ओढत चालला होता.

"सात, आठ," सूर्यभानांनी मोजलं. मग पहिल्यापासून पुन्हा मोजलं. तोवर शेजारच्या दुकानांतले दोघं-तिघं येऊन मागून डोकावत होते, आणि त्यांतल्या एकानंही मोठ्यानं मोजलं. सगळ्यांचे आठच भरले.

ज्योत्स्नानं तिथूनच चित्रफीत काढली, फोनवरून इंटरनेट घेतलं आणि रागिणीला पाठवली. पाच मिनिटं गेली असतील नसतील, फोन वाजला. तिनं स्पीकर लावला.

"ज्योत्स्ने, हे कुठून काढलंस तू?" रागिणीचा आवाज चढलेला होता. "शिरेजवळची ती अंडी पाहिलीस का? त्यांच्यावर पांढरे ठिपके आहेत, ओळीनं टोचल्यासारखे. दुसऱ्या कोणाची अंडी अशी नसतात. पिवळा कोळी आहे. शंभर टक्के."

"मंग दवाई कोणती मारू मी, मॅडम?" सूर्यभानांनी फोनपाशी तोंड नेऊन विचारलं.

"आधी थ्रिप्सचं बंद करा काका. त्यानं कोळी मरत नाही. उलट कोळ्याला खाणारे जे असतात ते मरतात, म्हणून तर प्रत्येक फवारणीनंतर बोकड्या वाढत गेला. पाण्यात विरघळणारं गंधक घ्या, किती टाकायचं ते मी लिहून पाठवते. पानाच्या खालून फवारा, वरून नाही. आणि उन्हात मारू नका."

सूर्यभानांनी फोनला हात जोडले. मग पुन्हा लॅपटॉपकडं वळले आणि त्या पिवळ्या थेंबाकडं बघत राहिले. "तीन डाव," ते म्हणाले. "तीन डाव मी तुह्याच दुश्मनाले मारलं रे. तू हसत असशीन."

पैसे देऊन निघायची वेळ आली, तर कुलदीप काही लॅपटॉप सोडेना. "ताई, घंटाभर थांबता का? चहा सांगतो. कॉलेजचे पोरं येतात, शाळेचे सर येतात, विचारतात, लिनक्सवर काय चालते? मी म्हणतो मालूम नाई, अन् ते चालले जातात. आज मालूम करून घेऊ द्या."

ज्योत्स्नाला घरची कामं दिसत होती. पण प्रिंटरपुढं घालवलेले तीन दिवसही आठवत होते. तिनं बॅग पुन्हा खाली ठेवली.

मग जे सुरू झालं त्याला दुकानात जागा पुरेना. कुलदीप खोकी उघडून देत होता, सूर्यभान वायर लावत होते आणि ज्योत्स्ना पडद्यावर बघून सांगत होती. बारकोड वाचणारं यंत्र लावलं, साबणाच्या वडीवर धरलं, आणि कोऱ्या पानावर आकडे आपोआप टाइप झाले. ते स्वतःला कीबोर्डच समजत होतं, म्हणून त्याला काही शिकवावं लागलं नाही. चित्र काढायची पाटी लावली, सूर्यभानांनी तिच्या पेननं रेघ ओढली. दाबून ओढली तर जाड, हलक्या हातानं ओढली तर बारीक. त्यांनी त्यावर एक वाकडी मिरची काढली. दोन वेबकॅम चालले, तिसरा नाही. एक महागडा स्कॅनर अजिबात बोलला नाही. एका साध्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरला वायर लावून ज्योत्स्ना डोळे किलकिले करून थांबली. पडद्याच्या कोपऱ्यात छोटी सूचना आली, प्रिंटर तयार आहे. तिनं चाचणीचं पान पाठवलं. ते गरम गरम, पूर्णच्या पूर्ण बाहेर आलं. तिनं ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

प्रत्येक वस्तूनंतर सूर्यभान जाहीर करायचे, "याले बोली येते," किंवा "हा मुका हाय." आणि कुलदीप जाड पेननं खोक्यावर तसं लिहायचा. मुक्यांचा ढीग लहान निघाला, याचंच ज्योत्स्नाला सगळ्यांत नवल वाटलं. इतकी वर्षं ती आपल्या लॅपटॉपलाच दोष देत आली होती.

"दर महिन्याले नवा माल येते," निघताना कुलदीप म्हणाला. "याल का ताई? तुमचा मान ठेवीन मी."

"येईल ज्योत्स्ना," सूर्यभानांनी परस्परच सांगून टाकलं. "मीबी येतो."

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हाआधी गंधक मारलं. सूर्यभान टोंगळे टेकून, नळी उलटी धरून, पानाच्या पाठी ओल्या करत गेले. तीन ओळी हाताबाहेर गेल्या होत्या, त्या उपटून टाकाव्या लागल्या. बाकीच्या झाडांचं मात्र दहाव्या दिवशी दिसायला लागलं. जुनी पानं तशीच मुडपलेली राहिली, पण त्यांच्या वर फुटलेले नवे शेंडे सपाट, रुंद, उघड्या तळहातासारखे. माणिकबाई वावरातून आली ती असा एक शेंडा घेऊनच, आणि तो तिनं सुनेच्या हातात दिला. दुपारी तुरीची चार पानं पदरात घेऊन आली आणि म्हणाली, "याच्यावर काय हाय थे पाय बरं."

तेव्हापासून ओसरीवर वर्दळ सुरू झाली. कोणी पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं पान आणायचं, कोणी संत्र्याचं. सूर्यभान आता स्वतः ॲप उघडायला शिकले होते. रोज सकाळी मिरचीची पाच पानं वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून तपासायची, हा त्यांचा नेमच झाला.

एका सकाळी देवानंद टेम्पोची रिकामी क्रेट उतरवत होता आणि ज्योत्स्ना सांबार निवडत होती, तेव्हा सूर्यभानांचा आवाज आला. मोठा नव्हता, पण ती हातातलं टाकून उठली.

"हा येगळाच हाय," ते म्हणाले. "याचेबी पाय आठच. पण चमकून राहिला, अन् पळून राहिला."

पडद्यावर एक मोठासा, पेरूसारख्या घाटाचा, पाण्यासारखा चकाकणारा प्राणी शिरेवरून झरझर चालला होता. ज्योत्स्नानं लगेच चित्रफीत सुरू केली. तो थांबला. पुढचे दोन पाय हवेत हलवले. पुढच्याच उंचवट्यामागं एक पिवळा कोळी बसला होता. चमकणाऱ्यानं झेप घेतली, त्याला धरलं आणि उचलून तसाच पानाच्या कडेकडं घेऊन गेला.

ज्योत्स्नानं चित्रफीत बंद केली. "आलं सगळं," ती म्हणाली. "सुरुवातीपासून."

देवानंदही मागं येऊन उभा होता. "कोण होय तो?"

"आपलाच माणूस दिसते," सूर्यभान म्हणाले.

रागिणीला पाठवलं, तर ती वर्गात असावी, अर्ध्या तासानं फोन आला. परभक्षी कोळी, ती म्हणाली. कोळ्याला खाणारा कोळी. एवढ्या फवारण्यांनंतरही त्या वावरात तो टिकला, याचंच तिला अप्रूप वाटत होतं. "कुठल्या झाडावर मिळाला?"

"उत्तरेकडच्या धुऱ्यालगतची ओळ," सूर्यभानांनी सांगितलं. "तथी पंपाची नळी पुरत नाई, म्हणून फवारा कमीच पडला होता."

"मग त्या ओळीला काहीच मारू नका काका. मी रविवारी येते. अकोल्याहून पहिली एसटी पकडते."

"म्हणजे आता किडे पाळाचे का आपण?" देवानंदनं विचारलं.

सूर्यभान घरात गेले, माणिकबाईच्या जुन्या लाल लुगड्याचा एक तुकडा शोधून काढला आणि त्याच्या बोटभर चिंध्या फाडायला बसले. ज्योत्स्नानंही दुसरं टोक धरलं. बारा चिंध्या झाल्या. मग दोघं धुऱ्याकडं निघाली, त्या ओळीतल्या एकेका झाडाला न फवारण्याची खूण बांधायला, आणि वाटेत सूर्यभान विचारत होते की रविवारपर्यंत त्या प्राण्याची अंडी सापडतील का, आणि सापडली तर तीही या मशीनमधून दिसतील ना.

"दिसतील," ज्योत्स्ना म्हणाली, आणि पावलं जरा झपझप टाकू लागली.